जेट्टीवरच्या गाडीला कुठलं इंजिन

माझे बाबा मांडव्याच्या जेट्टीवर भाड्याची गाडी चालवतात. आधी सहा आसनी रिक्षा होती, मग जीप आली. दोन्ही डिझेलवर. आजोबा भाताच्या गिरणीत कामाला होते, त्या गिरणीचं इंजिनही डिझेलचंच. त्यामुळे अंगणात डिझेलचा वास आला की आमच्याकडे नाक कोणी मुरडत नसे. बाबा आले, एवढंच कळायचं.

मी त्यांची मोठी मुलगी. आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली. अलिबागला बी.कॉम. केलं, आता तिथेच एका ऑफिसात नोकरी करते. हे मी मान खाली घालून सांगणार नाही. दहावीनंतर कुठलं काम धरायचं एवढाच प्रश्न ज्या घरात असायचा, त्या घरात मी पदवी आणली. सांगणारच.

पण त्या शिक्षणाचा घराला पहिला खरा उपयोग झाला तो जीप बदलायच्या वेळी. आणि तोही मी समजले होते तसा झाला नाही.

जीपचं पासिंग, म्हणजे रस्त्यावर चालवायची आरटीओची मुदत, संपत आलं होतं. एवढ्या जुन्या गाडीला आणखी मुदत मिळणार नाही, हे एजंटने स्पष्ट सांगितलं. जेट्टीवर नियम कडक. मुंबईहून बोट लागली की रांगेतली पहिल्या नंबरची गाडी आधी भाडं घेते, मग दुसरी, मग तिसरी. ज्याची गाडी पासिंगची, त्याचाच नंबर; बाबांचा बारावा. पावसाळ्यात बोटी बंद असतात, गणपतीच्या सुमारास सुरू होतात. तोवर नवी गाडी रांगेत उभी राहिली नाही, तर तो नंबर वाट बघत थांबलेल्या दुसऱ्या कुणाला जाणार.

उरणहून मामाचा फोन येऊन गेला होता. बंदरावर ट्रेलरला ड्रायव्हर हवे होते. पगार बरा होता, पण चार-चार दिवस घर नाही, आणि बाबांची कंबर पन्नाशीनंतर कुरकुरायला लागलेली. म्हणजे मामला सरळ होता. परवडणारी गाडी निवडली तर बाबा जेट्टीवर राहणार. गाडी खायला उठली तर ती विकून ट्रेलरवर जाणार. आईने तर मामाचा नंबर दिसला की फोन उचलणंच सोडून दिलं होतं.

बाबांचं ठरलेलं होतं. डिझेल. "धंद्याला डिझेल, डॉक्टरला पेट्रोल," हे त्यांचं लहानपणापासून ऐकलेलं वाक्य. मी म्हटलं, "बाबा, आठवडाभर थांबा. मी सगळ्यांची तुलना करून देते."

"कर. बी.कॉम. हायस तू."

मी केली. पेट्रोल, डिझेल, सीएनजी गॅस, वीज. कुठली गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, किलोमीटरला काय पडतं, ऑइल किती हजार किलोमीटरला बदलायचं, सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर चार रकान्यांत मांडलं. वीज सगळ्यात स्वस्त निघाली, मग गॅस, मग डिझेल. पेट्रोल सगळ्यांच्या मागे. रंगीत प्रिंट काढली आणि जेवणं झाल्यावर बाबांपुढे ठेवली. खरं सांगते, मला वाटलं होतं ते चष्मा लावतील, वाचतील आणि म्हणतील, झालं, ठरलं.

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. कागद उलटा करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

"बाय, यात बोटी कुठं हायत?"

"कसल्या बोटी?"

"बोट लागली की मी निघतो, न्हाय लागली की उभा ऱ्हातो. ही तुझी गाडी नुसती पळतेच हाय. ही कुणाची गाडी?"

मला राग आला. पण बाबांचं बरोबर होतं. ती गाडी कंपनीच्या जाहिरातीतली होती. सपाट रस्त्यावर, रिकामी, थांबा न घेता पळणारी. आमची नव्हती.

मार्च संपत आला होता, ऑफिसात माझी रजा शिल्लक होती. मी आठ दिवस बाबांच्या शेजारच्या सीटवर बसले. सकाळच्या पहिल्या बोटीपासून संध्याकाळच्या शेवटच्या बोटीपर्यंत. मांडीवर वही.

जेट्टीवरच्या मंडळींना आयती करमणूक झाली. पहिल्या दिवशी बाबांच्या मागच्या नंबरचा ड्रायव्हर, पोट सुटलेला आणि कायम तंबाखू मळत असलेला, खिडकीशी वाकून म्हणाला, "दादा, आरटीओ घरातच पाळलाव काय?"

दुसऱ्या दिवशी, "मॅडम आल्या रे! शर्टाची बटनं लावा सगळ्यांनी!"

तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "काका, तुमची गाडी उभ्या उभ्या चालू का ठेवता हो? मघापासून बघतेय."

"एसी नको? गिऱ्हाईक बोटीतून उतरलं की त्याला गाडी गार लागते. न्हाय तर तोंड वाकडं करतं."

"अर्धा तास आधीपासून?"

"बोट येळेवर येते काय तुझ्या बापाची?"

"माझ्या बापाची जीप तर बंद आहे."

बाजूचे सगळे हसले. काकांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि खरंच जाऊन इंजिन बंद केलं. त्यानंतर त्यांनी मला आरटीओ म्हणणं सोडलं. हिशोबनीस म्हणायला लागले.

आठ दिवसांत मला जे दिसलं, ते कुठल्याच कंपनीच्या पुस्तकात नव्हतं. बाबांची बहुतेक भाडी सासवणे, आवास, किहीम, चोंढी इथली. पाच किलोमीटर, आठ किलोमीटर, दहा. इंजिन पुरतं तापायच्या आत भाडं उतरायचं. मग रिकामं परत. मग रांग. अलिबागपर्यंतचं भाडं दिवसाला एखादं, पनवेलचं आठवड्यातून एकदा. शुक्रवार ते रविवार श्वास घ्यायला फुरसत नाही, सोमवारी जेट्टीवर कावळे.

आणि सामान! बंगल्यावर येणारी माणसं दोन दिवसांसाठी येतात आणि घर उचलून आणतात. मोठ्या बॅगा, बर्फाचा डबा, मुलांच्या सायकली. एका कुटुंबाबरोबर वासराएवढा कुत्रा होता. तो डिकीत बसला आणि किहीमपर्यंत माझ्या मानेवर श्वास टाकत आला. तेव्हा मला माझ्या चार रकान्यांतली एक मोठी चूक कळली. मी गॅसची गाडी दुसऱ्या नंबरला ठेवली होती, पण गॅसची टाकी असते डिकीत. मग बॅगा कुठे? कुत्रा कुठे?

"आता कळलं?" बाबा म्हणाले. त्यांना फार आनंद झाला होता.

"कळलं. पण तुमच्या डिझेलचंही मला काहीतरी कळलंय."

झालं होतं असं की जीपच्या काळातलं डिझेल इंजिन आणि आताचं, यात फरक आहे. आताच्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी लांब पल्ल्याला जरा वेगात गेली की जाळी तापते आणि साठलेली काजळी आपोआप जळून जाते. पाच-आठ किलोमीटरच्या खेपांमध्ये ती तापतच नाही. काजळी साठते, जाळी तुंबते, दिवा पेटतो, गाडी ओढायची बंद होते. साफ करायला वर्कशॉप, बदलायची वेळ आली तर खिसा फाटतो. मी पनवेलच्या एका वर्कशॉपला फोन लावून स्पीकरवर ठेवला. तिथला माणूस सज्जन होता. म्हणाला, "गाडी छोट्या फेऱ्यांना असेल तर अधूनमधून हायवेला वीस-पंचवीस मिनिटं पळवा. काही प्रॉब्लेम येणार नाही."

बाबांनी फोनकडे बघितलं. "म्हंजे काजळी जाळायला मी वडखळला जाऊन येऊ? रिकामा?"

"हो काका, तसंच समजा."

फोन ठेवल्यावर बाबांनी माझा कागद पुन्हा ओढून घेतला. मग म्हणाले, "पण बाय, मेंटेनन्स? डिझेलचं मेंटेनन्स माझ्याकडं शून्य हाय."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या जीपला दुसऱ्याचा हात कधी लागलाच नाही. सोमवारी जेट्टी थंड, म्हणून सोमवार गाडीचा. सकाळी विहिरीचं गोडं पाणी मारून खालचा खारा थर धुवायचा. खारी हवा पत्रा खाते, तिला आठवड्याच्या वर मुदत द्यायची नाही, हा त्यांचा नियम. मग गोणपाट टाकून गाडीखाली. ग्रीस, ऑइल, फिल्टर, ब्रेकचे लायनर. क्लच प्लेट त्यांनी आमच्या अंगणात, आंब्याच्या फांदीला साखळी लावून, गिअरबॉक्स उतरवून बदललेली मी पाहिली आहे. शाळेत असताना मला दहा-बाराचा पाना आणि चौदा-पंधराचा पाना नुसता हाताला लावून ओळखता यायचा. देणारी मीच असायचे.

मी विचारलं, "शून्य कसं? तुमचा सोमवार कुठे गेला?"

"माझा सोमवार माझा हाय."

"म्हणून तो फुकट धरायचा?"

त्या रविवारी मी पोयनाडच्या नाक्यावरच्या गॅरेजमध्ये गेले. ऑइल बदलायला मजुरी किती, लायनरला किती, क्लचला किती, एकेक विचारून लिहून आणलं. नव्या कागदावर डिझेलच्या रकान्यात एक ओळ वाढवली. 'बाबांची मजुरी.' बाकीच्या रकान्यांत सर्व्हिसची मजुरी आधीच धरलेली होती, डिझेलचीच बाबांमुळे शून्य होती.

बाबा भडकले. मी त्यांना एवढं भडकलेलं फार कमी वेळा बघितलं आहे. "घरच्या गाडीला हात लावायचे पैसं लावतेस? हे शिकवलं कालेजात? उद्या पोरांना खांद्यावर घेतलं त्याचं पण भाडं लावशील!"

आई चुलीपाशी होती. ती वळलीही नाही. "लावू दे की. मंग माझ्या डब्याचं पण लिव, बाय. पंचवीस वर्सं सकाळच्या पयल्या बोटीला डबा देतेय. ते बी फुकटच धरलंय सगळ्यांनी."

बाबा ओसरीवर निघून गेले. मला हसू येत होतं, पण हसायची ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी ऑफिसातून आले तेव्हा कागद ओसरीवर होता, त्यावर ग्रीसचा अंगठा उमटला होता, आणि बाबा माझी वाटच बघत होते.

"क्लचचं काय लावलंस हे?"

"नाक्यावरच्या गॅरेजचा रेट आहे."

"तो येडा हाय. तो प्लेट बदलतो आनी सोडून देतो. बेअरिंग बघत न्हाय, केबल बघत न्हाय. म्हून तर लोकांच्या गाड्या चार महिन्यांत परत येतात. मी पुरं काम करतो. माझं जास्त लाव."

"किती जास्त?"

त्यांनी थोडा विचार केला आणि नाक्याच्या सव्वापट आकडा सांगितला. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलचं काम, ते तर नाक्यावर कुणाला येतच नाही, त्याचं वेगळं. मग खालून धुण्याचं. मी लिहीत गेले. एकेक काम सांगताना त्यांची पाठ ताठ होत होती. एवढ्या वर्षांत त्यांना त्यांच्या कामाचा दर कुणी विचारलाच नव्हता. मीही नाही, आणि मी तर पाने हातात देत वाढलेली.

बेरीज झाली तेव्हा डिझेलचा रकाना सगळ्यात जड होता. पेट्रोलपेक्षाही.

बाबांनी ती बेरीज दोनदा बघितली. "च्यायला," ते म्हणाले, "मी एवढा म्हाग हाय काय?"

"हो ना."

"मंग डिझेल परवडत न्हाय आपल्याला."

इतक्या वर्षांचं डिझेल त्या एका वाक्यात संपलं. मी त्या रकान्यावर रेघ मारली. त्यांचं त्यांनीच मोजलं होतं.

राहिले तीन. पेट्रोलची गाडी देखभालीला सोपी, पण रोजच्या चालण्याला जड, ती दोघांनीही लगेच बाजूला काढली. खरी गाठ विजेच्या गाडीशी होती, कारण माझ्या कागदावर ती अजूनही पहिली होती. ऑइल नाही, फिल्टर नाही, क्लच नाही. जेट्टीवर उभं राहताना इंजिन जळत नाही. छोट्या खेपा, दुपारी बोटींच्या मधल्या वेळात घरी चार्जिंग. जणू आमच्याचसाठी बनवलेली. मी जोर लावला. बाबा मला घेऊन पनवेलला गेलेही, एक गाडी चालवून बघितली. परतताना म्हणाले, "गाडी चांगली हाय. मला आवडली. पण आपल्या गावचा लाईट चांगला न्हाय."

"इन्व्हर्टर..."

"आयक. वादळ झालं तवा किती दिवस अंधारात होतो?"

बरेच दिवस. खांब आडवे, तारा रस्त्यावर. त्या दिवसांत आमच्या आळीतल्या एका बाळंतिणीला बाबांनी जीपमधून अलिबागला नेलं होतं, वाटेत पडलेली झाडं कोयत्याने तोडत. तिचा मुलगा आता शाळेत जातो. गावात कुणाला छातीत दुखलं, साप चावला, की फोन बाबांना येतो. याचं भाडं ते घेत नाहीत, आणि गाडी कधी नाही म्हणाली नाही.

"पावसात बोटी बंद, तवा गाडी याच कामाची," ते म्हणाले. "आनी नेमका तवाच लाईट जातो."

माझ्या कागदावर बोटी आल्या होत्या, सामान आलं होतं, बाबांची मजुरीही आली होती. आळीतले आजारी आले नव्हते. त्यांचा रकाना कसा करतात हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, आणि मला वाटतं तो करताही येत नाही. मी वीज पहिल्या नंबरवरून खाली आणली. आमच्यापुरती. पेणमध्ये राहणाऱ्या, शहरात गाडी फिरवणाऱ्या माझ्या मैत्रिणीने पुढे विचारलं तेव्हा मी तिला विजेचीच घ्यायला सांगितली. तिने घेतली, ती खूश आहे.

उरला गॅस, आणि डिकीतली टाकी. त्याचं उत्तर बाबांनीच शोधलं. जेट्टीवर मुंबईहून रो-रोने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीने, आलेली एक गाडी उभी होती, तिची डिकी उघडी. खाली वाकून बघितलं तर एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्या फळीच्या खाली बसवलेल्या, वर सगळी जागा मोकळी. बाबांनी त्या गाडीच्या मालकाला इतके प्रश्न विचारले की त्याला वाटलं गाडी विकत मागतायत. गॅस पंपावरच्या रांगेचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "पयल्या बोटीच्या आधी रांग नसते. आनी असलीच तर पेट्रोलवर चालते की ती. आजाऱ्याला घेऊन रांगेत थोडीच उभा ऱ्हाणार मी?"

श्रावणात आम्ही शोरूमला गेलो. सेल्समन तरुण होता, टायवाला. आम्ही बसलो आणि तो थेट माझ्याशी बोलायला लागला. मॅडम, हे फीचर. मॅडम, ते फीचर. मधेच इंग्रजी. बाबा टेबलाच्या कडेला बसलेले, हात मांडीवर, नखांत ग्रीस. त्यांच्याकडे तो बघतही नव्हता.

मी म्हटलं, "गाडी ते चालवणार आहेत. त्यांना सांगा."

"हो हो, काका, सॉरी. तर काका, ही गाडी एकदम मेंटेनन्स फ्री..."

"गॅसवर चालली तर प्लग किती किलोमीटरला बदलायचं?" बाबांनी विचारलं.

सेल्समनने पुस्तक उघडलं.

"गॅसवर इंजिन जास्त तापतं. व्हॉल्व्हचं चेकिंग कितव्या सर्व्हिसला?"

तो पान शोधत होता.

"टाकीची टेस्ट तीन वर्सांनी. ती हितं होते की पनवेलला न्यायची? गाडी किती दिवस अडकते? दोन टाक्या हायत, म्हंजे दोघींची येगळी काय?"

"काका, मी जरा आत विचारून येतो."

"आनी खाली खारं पाणी लागतं आमच्याकडं. टाकीच्या पट्ट्यांना गंज धरला तर ते वॉरंटीत हाय का, ते पण विचारून ये."

तो आत गेला आणि वर्कशॉपच्या मुख्य माणसालाच घेऊन आला. पांढरे केस, हात बाबांसारखेच काळे. ते दोघं गाडीकडे गेले, बोनेट उघडलं, आणि पुढचा पाऊण तास मी आणि तो सेल्समन नुसते चहा पीत बसलो. आतून मधूनमधून बाबांचा आवाज येत होता. एकदा तो पांढऱ्या केसांचा माणूस मोठ्याने हसला आणि म्हणाला, "बरोबर बोललात, हे आम्ही गिऱ्हाइकाला सांगत नाही."

सेल्समनने हळूच विचारलं, "मॅडम, तुमचे वडील इंजिनिअर आहेत का?"

आजवर माझ्या शिक्षणाबद्दल लोकांनी बाबांचं अभिनंदन केलं होतं. उलटं कधी झालं नव्हतं. मी कप खाली ठेवला.

"नाही," मी म्हटलं. "मांडव्याच्या जेट्टीवर गाडी चालवतात. बारावा नंबर."

बाबा हात पुसत आले आणि फॉर्मवर सही केली. सावकाश, एकेक अक्षर जोडून, पूर्ण नाव. सप्टेंबरात पहिली बोट लागली तेव्हा बाराव्या नंबरला आमची गाडी उभी होती, इंजिन बंद करून.